'घरात थांबा' असे सांगितल्यानंतर: अणुआपत्तीत स्थानिक प्रसारण केंद्राचे काम

तारापूरच्या परिसरात ऐकू येणाऱ्या एका छोट्या सार्वजनिक प्रसारण केंद्रावर नव्याने रुजू झालेल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचा प्रश्न असा आहे: अणुवीज प्रकल्पात मोठा अपघात होऊन किरणोत्सारी द्रव्ये आवाराबाहेर पडली, तर पहिल्या तासात आणि पुढच्या काही दिवसांत आपल्या केंद्राने नेमके काय करायचे, आणि पूर किंवा चक्रीवादळाच्या वेळी आपण जे करतो तेवढे पुरेसे आहे का? मी तीस वर्षांहून अधिक काळ आकाशवाणीच्या लहान केंद्रांवर काम केले आहे, अणुवीज प्रकल्पाच्या परिसरातील आपत्कालीन सरावांत दोनदा प्रसारणाची बाजू सांभाळली आहे आणि इतर देशांत असे अपघात घडले तेव्हा रेडिओने काय केले, याचा जमेल तेवढा अभ्यास केला आहे. त्या आधारावर लिहितो.

तेवढे पुरेसे नाही. पुराच्या वेळी माणसाला पाणी उंबरठ्याशी चढताना दिसते आणि रेडिओने सांगितलेले तो स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहू शकतो. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, चव नाही. आभाळ निरभ्र असते, अंगणात कोंबड्या फिरत असतात, आणि तरीही आपण त्याला आत जा, दारे लावा असे सांगत असतो. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. पुरात आपण लोकांना बाहेर पडायला सांगतो. इथे पहिली सूचना बहुधा घरातच थांबण्याची असते. माणसाला उठवायला एक घोषणा पुरते. पण शेजारचा टेंपो सामानाने भरताना दिसत असूनही त्याला चार-सहा तास घरात बसवून ठेवायचे, तर दर काही मिनिटांनी त्याच्याशी बोलणारा आवाज लागतो. म्हणून 'घरात थांबा' हे सांगितल्यानंतरचे तास हेच स्थानिक केंद्राचे खरे काम आहे, असे मी मानतो. पहिली सूचना भोंग्यावरून, पोलिसांच्या गाडीवरून किंवा मोबाइलवरूनही पोहोचेल. पुढचे तास मात्र रेडिओनेच निभवायचे असतात.

हे तास नीट निभावले गेले नाहीत तर काय होते, हे जपानमधील फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाच्या अपघातात दिसले. 11 मार्च 2011 रोजी भूकंप आणि त्सुनामीनंतर रात्री 3 किलोमीटरच्या परिघातील लोकांना बाहेर पडण्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो परीघ 10 किलोमीटर झाला आणि दुपारी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाल्यावर संध्याकाळी 20 किलोमीटर झाला. 15 मार्चला 20 ते 30 किलोमीटरच्या पट्ट्यातील लोकांना घरातच थांबण्यास सांगण्यात आले. घरात थांबणे हा काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा उपाय आहे. तिथे तो दहा दिवस लांबला, आणि 25 मार्चला सरकारने त्याच लोकांना आता स्वेच्छेने बाहेर पडण्याचा सल्ला दिला. दरम्यान इंधनाचे आणि अन्नाचे ट्रक त्या पट्ट्यात यायला तयार नव्हते आणि बहुतेक वार्ताहरही परिसर सोडून गेले होते. मिनामिसोमा शहराच्या महापौरांना अखेर इंटरनेटवर चित्रफीत टाकून जगाकडे मदत मागावी लागली. आपल्याला घरात बसवणारे स्वतः निघून गेले आहेत, असे एकदा लोकांना वाटले की त्यानंतरची कोणतीही सूचना त्यांच्या मनापर्यंत पोहोचत नाही.

आता पहिल्या मिनिटाकडे येऊ. आपल्याकडे प्रकल्पातील आणीबाणीचे टप्पे ठरलेले आहेत: प्रकल्पापुरती आणीबाणी, संपूर्ण आवाराची आणीबाणी आणि आवाराबाहेरची, म्हणजे ऑफसाइट आणीबाणी. तिसऱ्या टप्प्यात लोकांसाठीचे निर्णय जिल्हाधिकारी घेतात, आणि तयारीचे नियोजन प्रकल्पाभोवतीच्या 16 किलोमीटरच्या क्षेत्रासाठी, त्याचे दिशावार भाग पाडून केलेले असते. त्यामुळे तुमच्या ड्यूटी रूममध्ये दोन गोष्टी भिंतीवर हव्यात. एक, सूचना देण्याचा अधिकार असलेल्या दोन-तीन पदांचे दूरध्वनी आणि उलट फोन करून खात्री करण्याची ठरलेली पद्धत. दुसरी, कोणत्या भागात कोणती गावे आणि पाडे येतात याची यादी. आलेला फोन कितीही ओळखीच्या आवाजाचा वाटला तरी तो ठेवायचा, भिंतीवरच्या क्रमांकावर स्वतः फोन लावायचा आणि मगच फेडर, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज प्रसारणात सोडणारी सरकपट्टी, उघडायचा. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे देण्यासारखी आहेत.

ती का, हे कॅनडातील उदाहरणावरून कळते. 12 जानेवारी 2020 रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास ओंटारिओ प्रांतातील लोकांच्या मोबाइलवर, रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर पिकरिंग अणुवीज प्रकल्पात घटना घडल्याची सूचना झळकली. ती चुकून गेली होती. ती चूक होती, असे सांगणारी दुसरी सूचना त्याच यंत्रणेवरून निघायला 108 मिनिटे लागली. इशाऱ्याचा मजकूर जसा आधी तयार ठेवतो, तसाच तो रद्द करण्याचा मजकूरही ध्वनिमुद्रित करून त्याच फोल्डरमध्ये शेजारी ठेवलेला असावा, हा त्यातून मी घेतलेला धडा. बहुतेक केंद्रांवर तो नसतो.

खात्री कोणाकडून करायची, एवढ्यावर मात्र काम संपत नाही. कशाची करायची, हेही कळायला हवे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे 28 मार्च 1979 च्या पहाटे अपघात झाला आणि सकाळी 8 वाजून 25 मिनिटांनी हॅरिसबर्गच्या एका स्थानिक रेडिओ केंद्राने ती बातमी सर्वांत आधी दिली. पोलीस आणि अग्निशमन दलाची लगबग त्यांच्या वाहतूक वार्ताहराच्या कानावर आली होती. तिसऱ्या दिवशी, 30 मार्चला, 1200 मिलिरेम (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे जुने एकक) हा आकडा वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला आणि तिथे तो लोकवस्तीतील किरणोत्सर्गाचा आहे असे समजले गेले. प्रत्यक्षात ते मोजमाप हेलिकॉप्टरमधून, थेट धुराड्याच्या वर घेतलेले होते. त्या गैरसमजातून सर्वांना हलवण्याची शिफारस निघाली आणि स्थलांतराचा आदेश येऊ शकतो असे स्थानिक नागरी संरक्षण प्रमुखांनी रेडिओवरून सांगितलेही. पुढे गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी दिलेला सल्ला केवळ 8 किलोमीटरच्या आतील गरोदर स्त्रिया आणि शाळेत जाण्याचे वय न झालेल्या लहान मुलांसाठी होता. घरे सोडून गेले मात्र सुमारे 1 लाख 40 हजार लोक. आकडा खरा होता, जागा चुकली होती. म्हणून मोजमापाचा कोणताही आकडा हातात आला की वाचण्यापूर्वी विचारा: कुठे मोजला, किती वाजता, जमिनीपासून किती उंचीवर, आणि तो दर तासाचा आहे की एकूण? मायक्रोसिव्हर्ट आणि मिलिसिव्हर्ट या आजच्या एककांत हजारपटींचा फरक आहे, आणि घाईत लिहून घेताना नेमका तोच शब्द चुकतो. यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर आकडा थांबवा आणि सूचना तेवढी वाचा. आकड्याची तुलना छातीच्या एक्स-रेशी करण्याचा मोहही टाळावा, असे माझे मत आहे. एक्स-रे माणूस स्वतःच्या इच्छेने काढून घेतो. घरात कोंडून बसलेल्या आईला ती तुलना आपली चिंता उडवून लावल्यासारखी वाटते.

मजकुराच्या भाषेवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण केंद्राच्या हातात पूर्णपणे असलेली ही एकच गोष्ट आहे. एका सरावाच्या वेळी मी स्टुडिओत न बसता एका खेड्यातील किराणा दुकानात ट्रान्झिस्टर घेऊन बसलो होतो. आलेला मजकूर निवेदिकेने जसाच्या तसा वाचला: 'प्रभावित क्षेत्रातील नागरिकांनी पुढील आदेशापर्यंत सुरक्षित ठिकाणी निवारा घ्यावा व अफवांवर विश्वास ठेवू नये.' समोरच्या अंगणात एक आजीबाई वाल निवडत होत्या. त्यांनी सूप उचलले, पदराने झाकले आणि त्या शांतपणे देवळापुढच्या उघड्या मांडवाखाली जाऊन बसल्या. पाऊस आला की गावाचा निवारा तोच होता. त्यांनी सूचना तंतोतंत पाळली होती. दुकानाच्या फळीवरच मी क्यू शीटच्या, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम लिहिलेल्या कागदाच्या, पाठीमागे मजकूर पुन्हा लिहून काढला, आणि पुढच्या फेरीत तो असा वाचला गेला: 'आता सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. हा सराव आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी दहा वाजता दिलेली ही सूचना आहे. ज्या गावांची नावे आता वाचतो, त्या गावांतील लोकांनी भिंती आणि छप्पर असलेल्या घरात जावे. दारे-खिडक्या लावाव्यात. पंखा, कूलर, एसी बंद करावा. पाण्याचे हंडे आणि शिजवलेले अन्न झाकून आत घ्यावे. बाहेरून आलेल्याने चपला आणि वरचे कपडे दाराशी काढावेत, हातपाय-तोंड धुवावे. आम्ही दहा वाजून तीस मिनिटांनी पुन्हा बोलू.' आजीबाई मांडवातून उठल्या आणि घरात गेल्या.

या मजकुरातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पुन्हा कधी बोलणार, ते सांगा आणि त्या मिनिटाला बोला, नवे काही नसले तरीही. 'दहा वाजून तीस मिनिटे झाली आहेत, जिल्हा नियंत्रण कक्षाकडून नवी सूचना आलेली नाही, आधीची सूचना कायम आहे' हेसुद्धा वार्तापत्रच असते. मधल्या वेळात शांतता नको आणि चित्रपटगीतेही नकोत. घरात कसे बसावे, म्हातारी माणसे, बाळंतिणी, गुरे यांची काळजी कशी घ्यावी, कोणती औषधे जवळ ठेवावीत, हे संथ आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहा. 'घाबरू नका' हे शब्द मी माझ्या निवेदकांना वापरू देत नसे. ते ऐकले की माणूस घाबरण्याजोगे काय आहे ते शोधू लागतो. फुकुशिमाच्या वेळी जपान सरकारने 'आरोग्यावर तात्काळ परिणाम होणार नाही' असे वारंवार सांगितले, तेव्हा 'मग नंतर?' हा प्रश्न घरोघरी उठला. ज्याचे उत्तर आपल्याकडे नाही त्याबद्दल, ते अजून मोजले गेलेले नाही आणि अमुक वाजेपर्यंत विचारून सांगतो, असे म्हणावे.

मजकूर चांगला असूनही तो उशिरा आला तर काय होते, हे चर्नोबिल अणुवीज प्रकल्पाशेजारच्या प्रिप्यात शहरात दिसले. चर्नोबिलचा स्फोट 26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्रीनंतर 1 वाजून 23 मिनिटांनी झाला. प्रिप्यातच्या घरोघरी भिंतीवर तारेने जोडलेला रेडिओ होता, आणि त्यावरून स्थलांतराची घोषणा झाली ती 27 एप्रिलच्या दुपारी. दोन वाजल्यापासून बसगाड्या येतील, कागदपत्रे आणि थोडे खाद्यपदार्थ सोबत घ्या, खिडक्या लावा, वीज-गॅसची उपकरणे आणि नळ बंद करा, असे सगळे नेमकेपणाने सांगितलेले होते. घोषणेचा नमुना म्हणून मी ती आजही शिकवीन. पण तोपर्यंत 36 तास लोटले होते, त्या काळात मुले रस्त्यावर खेळली होती, आणि हे स्थलांतर तात्पुरते आहे, असे सांगण्यात आले होते. पन्नास हजारांच्या आसपास लोक गेले आणि कोणीही पुन्हा तिथे राहायला आले नाही. किती दिवसांसाठी जात आहोत हे ठाऊक नसेल, तर 'तात्पुरते' हा शब्द वाचू नका. औषधे, चष्मा, बँकेची आणि रेशनची कागदपत्रे, तान्ह्या बाळाचे दूध सोबत घ्या, असे सांगा.

तारापूरच्या बाजूला काही खास अडचणी आहेत. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हिंदी बोलणारे हजारो कामगार राहतात, किनाऱ्यावर आणि उत्तरेकडे गुजराती बोलली जाते, पाड्यांवर वारली बोली चालते. भाषांतर आयत्या वेळी होत नाही. मूळ सूचना चारही भाषांत, गावांच्या नावांची जागा मोकळी ठेवून, त्या त्या भाषेत वाढलेल्या माणसाच्या आवाजात आजच ध्वनिमुद्रित करून ठेवा. कुडाच्या भिंतींच्या घरात दारे लावून फारसा उपयोग होत नाही. तिथल्या लोकांनी कोणत्या शाळेत किंवा समाजमंदिरात जायचे, हे जिल्हा आराखड्यातून आधीच विचारून घ्या, आणि ते ठरलेले नसेल तर ठरवून घेण्याचा आग्रह धरा. समुद्रात गेलेल्या होड्यांचा विचार तर बहुधा कोणीच करत नाही. एफएमचे प्रक्षेपण नजरेच्या टप्प्याइतके जाते, तर मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून फार दूरवर पोहोचतात, म्हणून होड्यांसाठीची सूचना मुंबईच्या मध्यम लहरी केंद्रावरूनही जाईल अशी व्यवस्था हवी. कोणत्या बंदराला लागू नये आणि कुठे लागावे, एवढे दोन वाक्यांत पुरते. वाऱ्याची दिशाही 'पश्चिमेचा वारा' अशी सांगू नका, कारण निम्मे लोक त्याचा उलटा अर्थ घेतात. 'वारा समुद्राकडून बोईसरकडे वाहत आहे' असे सांगितले की ते सर्वांना कळते.

शाळेच्या वेळेत आणीबाणी जाहीर झाली, तर घरात थांबण्याची सूचना ऐकून आईबाप पहिली गोष्ट करतात ती शाळेकडे धावण्याची. दोन्ही सरावांत केंद्रावर आलेल्या पहिल्या फोनपैकी बहुतेक आयांचे होते. म्हणून मुख्य सूचनेनंतरचे पहिले वाक्य शाळांबद्दल हवे: मुले वर्गात आहेत, दारे-खिडक्या लावल्या आहेत, शिक्षक सोबत आहेत, न्यायला येऊ नका, आणि हलवणार असतील तर कोणत्या शाळेची मुले कुठे नेणार. हे वाक्य शिक्षणाधिकाऱ्यांकडून खात्री करूनच वाचायचे.

अफवांचे उत्तर देताना अफवा पूर्ण वाचू नये, योग्य कृती सांगावी. मार्च 2011 मध्ये एका परदेशी वृत्तसंस्थेच्या नावाने आशियाभर खोटा संदेश फिरला, ज्यात मानेला बेटाडिन लावण्याचा सल्ला होता, आणि चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांत झुंबड उडाली. आयोडीनची गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे रक्षण करते, ती संपर्काच्या थोडे आधी किंवा नंतरच्या काही तासांत घेतली तरच उपयोगी पडते, आणि ती आरोग्य कर्मचारी देतील तेव्हाच घ्यायची असते. मीठ, टिंक्चर किंवा मलम यांनी ते काम होत नाही. एवढे चार वाक्यांचे निवेदन आरोग्य अधिकाऱ्यांच्या आवाजात मुद्रित करून ठेवावे.

केंद्राची इमारत स्वतः त्याच टापूत असेल, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. स्टुडिओतील वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा घेत असेल तर तो झोत बंद करता येतो. प्रक्षेपकाला आणि जनरेटरला मात्र हवा लागतेच, म्हणून त्यांच्या खोल्या स्टुडिओपासून दाराने तुटलेल्या हव्यात, आणि नंतर त्यांच्या हवेच्या गाळण्या किरणोत्सर्गाची मोजणी झाल्याशिवाय उघड्या हातांनी काढू नयेत. डिझेल 72 तासांचे ठेवा. एफएम प्रक्षेपकाची शक्ती निम्मी केली तरी क्षेत्र निम्म्याने घटत नाही, त्यामुळे टँकर येणार नसेल तर आधी शक्ती कमी करा, वेळ कमी करू नका. कोण थांबणार, हे शांततेच्या काळात, लेखी संमतीने ठरवा. गरोदर सहकारी आणि घरी तान्ही मुले असलेले त्या यादीत नकोत, आणि थांबणाऱ्यांच्या कुटुंबांना कुठे नेणार हे त्यांना आधी ठाऊक असायला हवे, नाहीतर माणूस मायक्रोफोनपुढे बसून घरचाच विचार करत राहील. केंद्र सोडण्याचा आदेश आला तर दुसऱ्या केंद्राने तुमच्याच वारंवारतेवर बोलत राहावे अशी जोडणी तयार हवी, आणि जाण्यापूर्वी श्रोत्यांना तसे सांगून जावे. त्यांनी ते रिकाम्या खरखरीवरून ओळखण्याची वेळ येऊ नये. सहक्षेपित, म्हणजे दुसऱ्या केंद्रावरून घेतलेला, कार्यक्रम तोडून स्थानिक सूचना देण्याची कायमस्वरूपी लेखी परवानगीही वरिष्ठ केंद्राकडून आधीच घ्या.

पहिले दिवस सरले की बातमी दूध, भाजी, विहीर आणि मासळी यांवर येते. चर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचे कर्करोग वाढले त्यामागे प्रामुख्याने दूषित दूध होते. आयोडीन-131, म्हणजे ते किरणोत्सारी आयोडीन, दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच दुधाबद्दलची सूचना सर्वांत मोलाची असते. कोणत्या गावचे दूध चालते, वाळत घातलेल्या बोंबलांचे काय करायचे, कोणत्या विहिरीचे पाणी तपासले, हे रोज ठरल्या वेळी वाचावे लागेल, महिनोन्महिने. मिनामिसोमात एप्रिल 2011 मध्ये सुरू झालेल्या तात्पुरत्या आपत्कालीन एफएम केंद्राने अशीच मोजमापे आणि नगरपालिकेच्या सूचना वाचण्याचे काम केले, आणि ते 2018 पर्यंत चालू होते.

या महिन्यात एक चाचणी घ्या. रात्री दोन वाजता, ड्यूटीवर एकच माणूस असताना, मुख्य वीज बंद करून त्याला एक मोहरबंद पाकीट द्या आणि घड्याळ लावा: जनरेटर, उलट फोन, योग्य भागातील गावांची यादी, चार भाषांतील सूचना, नोंदवहीत मिनिटासह नोंद. हे सगळे प्रक्षेपक अँटेनाऐवजी डमी लोडवर ठेवून करा, म्हणजे एक शब्दही बाहेर जाणार नाही. आमच्या पहिल्या चाचणीत पहिली सूचना 23 मिनिटांनी वाचली गेली, कारण गावांची यादी असलेल्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. ती यादी दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागली.